दुर्गा खोटे: नुसती 'पडद्यावरची आई' एवढीच ओळख का उरली?

रानजाई

दुर्गा खोटे म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना म्हातारीच आठवते. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई, 'बॉबी'मधली मिसेस ब्रगांझा, 'अभिमान'मधली मावशी, 'कर्ज'मधली आई. म्हणजे बाई जन्मली तीच पिकलेले केस आणि डोक्यावर पदर घेऊन असं वाटावं. मलाही तसंच वाटायचं, मग मध्ये एकदा प्रभात फिल्म कंपनीचा 'अमरज्योती' बघितला आणि उडालेच. १९३६ चा सिनेमा. त्यात ही बाई चक्क समुद्री चाच्यांची सरदार आहे! सौदामिनी नाव. नवऱ्यापासून वेगळं व्हायचंय आणि मुलगा स्वतःकडे हवाय, राज्याचा कायदा म्हणतो बायको म्हणजे नवऱ्याची दासी, तिला कसला आलाय हक्क, मग ती सरळ जहाज घेऊन राज्याविरुद्धच उठते आणि ज्या मंत्र्याने हा न्याय दिला त्या दुर्जयाला पकडून त्याचा पाय तोडते. चंद्रमोहन आहे दुर्जय, ते घारे डोळे वगैरे, पण बाई त्याच्यासमोर उभी राहिली की फ्रेम बाईचीच असते.

तर थोडक्यात माहिती देते, बाकीची तुम्ही भर घाला. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबई. माहेरचं नाव विठा लाड, घराणं मूळचं गोव्याचं, घरात कोकणी बोलायचे. वडील पांडुरंगराव लाड मुंबईतले नामांकित सॉलिसिटर. शाळा कॅथेड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. त्या काळात! कॉलेजात असतानाच खोट्यांच्या तितक्याच बड्या घरात लग्न झालं. पुढे घरची आर्थिक घडी पार विस्कटली, पदरात बकुळ आणि हरिन ही दोन मुलं, शिकवण्या करून बघितल्या, त्याने काय होणार. मग १९३१ मध्ये मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये एक बारीकसा रोल केला. तो सिनेमा आपटला आणि वर जाहिरातीत सिनेमापेक्षा माहेर-सासरच्या आडनावांचाच गाजावाजा, त्यामुळे दोन्हीकडच्या नातेवाइकांत बोंबाबोंब झाली. दुसरी कोणी असती तर तिथेच कानाला खडा लावला असता.

पण प्रभातचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, यांनी त्यांना 'अयोध्येचा राजा'साठी बोलावलं आणि १९३२ मध्ये तारामती पडद्यावर आली. तिथून 'वागले की दुनिया'ची निर्मिती १९८८ मध्ये. मधली ५६ वर्षं बाई कामातच होत्या. माझं म्हणणं एवढंच की हे नुसत्या अभिनयाने होत नाही, बाईंना स्वतःच्या कामाचा हिशोब फार पक्का कळत होता. त्यावर कोणी फारसं बोलत नाही.

बोरकूट

मस्त धागा! एक बाळबोध प्रश्न, विजू खोटे आणि शुभा खोटे यांच्याशी काही नातं?

नानबा_गिरगाव

बोरकूट, आहे ना. नंदू खोटे म्हणजे दुर्गाबाईंचे दीर, तेही जुने नट, मूकपटांपासूनचे. त्यांची मुलं शुभा आणि विजू. म्हणजे 'शोले'तल्या कालियाची काकू आपली जोधाबाई 😀

टिंबकटू

पण सिनेमात काम करणारी पहिली मराठी बाई म्हणजे याच ना? फाळक्यांच्या पिक्चरमध्ये होत्या असं कुठेतरी वाचलंय.

नानबा_गिरगाव

टिंबकटू, त्या वेगळ्या. दुर्गाबाई कामत त्या. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, दोघी होत्या, साल १९१३. कमला म्हणजे नंतरच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांच्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. खोटे बाई त्यानंतर १८ वर्षांनी आल्या. फॉरवर्डवाल्यांनी सगळ्या दुर्गांची एकच मिसळ करून ठेवलीय, कधीकधी त्यात दुर्गा भागवतही येतात.

मी_मुक्ता

रानजाई, लेख छान पण मला एक गोष्ट नेहमी खटकते, ती इथे लिहूनच टाकते. दुर्गाबाईंबद्दल कुठेही वाचा, पहिलं वाक्य काय असतं, 'चांगल्या घराण्यातली पहिली सुशिक्षित स्त्री सिनेमात आली आणि सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली.' म्हणजे आधीच्या बायका काय वाईट घरच्या होत्या का? कमलाबाई आणि त्यांच्या आई फाळक्यांकडे गेल्या त्या पोट भरायलाच गेल्या ना. ज्या गाणाऱ्या घरांतून आल्या, नाटक कंपन्यांतून आल्या, त्या उन्हातान्हात, धड बसायला जागा नाही अशा स्टुडिओत राबल्या, त्यांना धाडसी म्हणायला कोणी गेलं नाही आणि सॉलिसिटरच्या मुलीने तेच काम केलं की तो इतिहास. बाईंचा यात दोष नाही, पण कौतुक करताना आपण कुणाच्या पाठीवर पाय देतोय ते बघावं. आणि रोल आवडला नाही तर नको म्हणायची मुभा घराण्यामुळेच मिळते, ती बाकीच्यांना नव्हती.

खवट_म्हातारा

मुक्ताताई, अर्धं पटलं. पण 'घराणं' म्हणून जे तुम्ही म्हणताय ते नावापुरतं उरलं होतं हो. पैसे संपल्यावर घराण्याचं ओझंच जास्त होतं. गरीब घरच्या बाईने काम केलं तर लोक नाकं मुरडायचे, खोट्यांच्या सुनेने केलं तर लोक नाकं मुरडायचे आणि वर घरात वाळीत टाकायचे. 'फरेबी जाल'नंतर त्यांचं जे झालं ते बघा की. त्यानंतर पुन्हा तोंडाला रंग लावायचा म्हणजे छातीच पाहिजे. मुभा वगैरे काही नव्हती, दोन पोरं होती.

मी_मुक्ता

काका, पोरं सगळ्यांनाच होती.

अस्सल_कोल्हापुरी

आलो आलो, कोल्हापूरच्या सिनेमाचं नाव निघालं आणि आम्ही नाही असं होईल का. 'अयोध्येचा राजा' आमच्या गावात बनलाय मंडळी, प्रभात तेव्हा कोल्हापुरातच होती, पुण्याला गेली १९३३ ला. लोक म्हणतात मराठीतला पहिला बोलपट, पण नुसता मराठी नाही, मराठी आणि हिंदी दोन्ही सोबतच काढला, म्हणजे तोच सेट, तेच कपडे, एकदा मराठीत सीन करायचा आणि मग तोच हिंदीत. आता विचार करा, हिच्या गाठीला अनुभव काय तर एका पडेल सिनेमातला तुकडा. समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे, म्हणजे संगीतातलं केवढं मोठं नाव, सिनेमाचं संगीतही त्यांचंच. बाबूराव पेंढारकर गंगानाथ, मास्टर विनायक नारद. सगळे कसलेले गडी. आणि प्लेबॅक नावाची भानगड अजून यायची होती, त्यामुळे ज्याने त्याने आपलं गाणं कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचं, अ‍ॅक्टिंग करत करत, वाजवणारे कुठेतरी आडोशाला बसलेले, एक सूर चुकला की सगळं पहिल्यापासून. आजच्या हिरोइनी (आणि हिरोसुद्धा, उगाच भांडण नको) एक दिवस टिकणार नाहीत.

मला त्यातली तारामती राणी असतानाची तेवढी नाही आवडत, थोडी आखडल्यासारखी वाटते. पण सगळं गेल्यावर, जेव्हा ती कुणाच्या तरी घरात दासी म्हणून राबायला लागते, तिथून बाई बदलते. ओरडा नाही, छाती बडवणं नाही, त्या काळात बोलपट म्हणजे नाटकच असायचं, सगळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचे, ही मात्र हळू बोलते. आवाजाला एक वजन आहे पण हळू. ते शिकलेलं नसणारच, नाटकात काम न केल्याचा फायदा झाला असं माझं मत.

आणि त्याच साली 'माया मच्छिंद्र', त्यात स्त्रीराज्याची राणी किलोतला, शेजारी पाळलेला चित्ता. खराखुरा चित्ता हो! कॉम्प्युटरचा नाही.

बोरकूट

चित्ता????

अस्सल_कोल्हापुरी

कोल्हापूर संस्थान आहे ते. छत्रपतींच्या पदरी चित्तेवान होते शिकारीसाठी. आमच्याकडे चित्ता म्हणजे काय कौतुक नव्हतं 😎

दिवाणखाना

रानजाईंनी जो हिशोबाचा मुद्दा काढलाय त्यावर लिहितो, जरा लांबेल.

त्या वेळची स्टुडिओ पद्धत लक्षात घ्या. प्रभात काय, कलकत्त्याचं न्यू थिएटर्स काय किंवा नंतर बॉम्बे टॉकीज काय, नट-नट्या पगारी नोकर. महिन्याचा पगार, करार इतक्या वर्षांचा, त्या काळात बाहेर काम करायचं नाही, सिनेमा असो नसो हजेरी लावायची. पगार वेळेवर मिळायचा ही जमेची बाजू, पण तुमचा चेहरा कंपनीच्या मालकीचा. याचा फटका कुणाला बसला ते बघायचं तर शांता आपटे. 'अमरज्योती'त दोघी एकत्र आहेत, शांताबाई नंदिनी. त्याच शांता आपटे १९३९ मध्ये करारावरून प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या! फाटकाशी बाई उपाशी बसलीय आणि पेपरवाले गोळा झालेत, पुण्यात केवढी खळबळ. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' म्हणून पुस्तक लिहिलं, त्यात या सगळ्या धंद्याची चिरफाड केलीय.

दुर्गाबाईंनी तो प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला. प्रभातचे सिनेमे केले आणि कलकत्त्याला गेल्या. देवकी बोस यांचा 'राजरानी मीरा' १९३३ मध्ये न्यू थिएटर्सकडे, 'सीता' १९३४ मध्ये ईस्ट इंडिया फिल्म कंपनीकडे, म्हणजे दिग्दर्शक एकच पण कंपन्या दोन. 'सीता' तर व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मग १९३६ मध्ये पुन्हा प्रभातकडे 'अमरज्योती'ला. जिथे काम चांगलं तिथे जायचं, काम संपलं की मोकळं. याला आज आपण फ्रीलान्स म्हणतो आणि ते इतकं साधं वाटतं, पण तेव्हा बड्या स्टुडिओंच्या राज्यात असं मोकळं राहणाऱ्या पहिल्या काही नटांमध्ये त्यांचं नाव घेतात. नटांमध्ये म्हणतोय, नुसत्या नट्यांमध्ये नाही.

मुक्ता म्हणतात तो मुद्दा इथे मला पटतो. हे करायला इंग्रजी यावं लागतं, करारावरचा मजकूर वाचता यावा लागतो आणि सॉलिसिटर बापाच्या घरात वाढलेल्या मुलीला ते येत होतं. शांताबाईंकडे ते नव्हतं म्हणून त्यांना उपोषण करावं लागलं. पण येत असूनही न करणारे शंभर असतात, हेही खरं.

जाता जाता एक, 'सीता'मध्ये राम कोण तर पृथ्वीराज कपूर. २६ वर्षांनी 'मुघल-ए-आझम'मध्ये अकबर आणि जोधा म्हणून तेच दोघं. लोक त्या सिनेमात मधुबाला बघतात, मी हे दोघं बघतो. मुलाविरुद्ध लढाईला निघताना बादशहा राणीला नवरा की मुलगा या पेचात टाकतो, तिथे पृथ्वीराज गडगडतायत आणि बाईंना फार वाक्यंच नाहीत, सगळं चेहऱ्यावर चाललंय. इतक्या वर्षांच्या ओळखीशिवाय असा सीन जमत नाही असं आपलं मला वाटतं.

रानजाई

दिवाणखाना, क्या बात! शांता आपटेंचं उपोषण माहीत होतं पण दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

आता हिशोबाची दुसरी बाजू. हिरोइन म्हणून उतरती कळा लागायची वाट बघत बसल्या नाहीत. १९४१ चा 'पायाची दासी', अत्र्यांचा, हिंदीत 'चरणों की दासी', त्यात वनमाला सून आणि दुर्गाबाई खाष्ट सासू. वय किती? ३६! त्याला बंगालच्या चित्रपट पत्रकारांचं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मध्ये शोभना समर्थ सीता आणि या कैकेयी, पुन्हा बक्षीस. म्हणजे आठ वर्षांपूर्वी जी स्वतः सीता होती ती आता कैकेयी. मग १९४३ ला सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये मृणालवती, गर्विष्ठ, कडक, आणि कैदी राजाच्या प्रेमात पडून मोडणारी. हे तिन्ही रोल त्या काळच्या हिरोइनच्या रोलपेक्षा दमदार आहेत.

मी_मुक्ता

किंवा असं म्हणू या की ३६ व्या वर्षी बाईला सासूच व्हावं लागत होतं. त्यातून त्यांनी चांगलं काढलं हे त्यांचं कर्तृत्व, पण त्याला 'निवड' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खवट_म्हातारा

जीभ रेटत नसेल तर टाइप करा 😄 (गंमत हं.) अहो पण कैकेयी करायला मिळत असताना सीता कोण करेल? कुठल्याही नाटकवाल्याला विचारा.

नानबा_गिरगाव

नाटकाचा विषय निघालाच आहे तर. धाग्यात कोणीच मुंबई मराठी साहित्य संघाबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या केळेवाडीतली संस्था. सिनेमात एवढं नाव असताना बाई संघाच्या नाटकांत उभ्या राहिल्या. 'भाऊबंदकी'त आनंदीबाई, समोर नानासाहेब फाटक. 'राजमुकुट', म्हणजे शिरवाडकरांनी मराठीत आणलेला मॅकबेथ, त्यात परत नानासाहेब आणि बाई, आणि बसवायला हर्बर्ट मार्शल नावाचा साहेब. आमचे वडील त्या प्रयोगाबद्दल बोलायला लागले की जेवण गार व्हायचं. त्यांचं म्हणणं असं की नानासाहेब म्हणजे तोफखाना, त्यांच्यासमोर भले भले नट आवाज चढवायला जायचे आणि तिथेच मरायचे. दुर्गाबाई तसं करत नसत, त्या नुसत्या थांबत. नानासाहेबांचं वाक्य संपलं की एक क्षण जाऊ देत आणि मग खालच्या पट्टीत बोलत, की सगळं थिएटर पुढे झुकायचं ऐकायला. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला.

कोल्हापूरकरांनी तारामतीबद्दल 'हळू बोलते' म्हटलंय ते वाचून वडिलांचीच आठवण झाली. पण नाटक न केल्याचा फायदा झाला हे काही पटलं नाही बुवा, नाटकातही तसंच करत होत्या.

अस्सल_कोल्हापुरी

नानबा, ते नंतरचं ना पण! १९३२ ला कुठे केलं होतं नाटक. मी माझ्या मतावर ठाम.

सुपारी

मी जास्त जुनं बघितलेलं नाही पण 'बॉबी'बद्दल लिहायचंय. ऋषी कपूरच्या वाढदिवसाला घरात एवढी मोठी पार्टी, आणि ज्या बाईने त्याला लहानाचं मोठं केलं ती मिसेस ब्रगांझा नातीला घेऊन येते आणि कुणी विचारतच नाही, तशीच परत जाते. एवढासा सीन. पण बाईंचा चेहरा बघा, अपमान झालाय हे तिला कळलंय आणि नातीला कळू द्यायचं नाहीये. मी तो सिनेमा डिंपलसाठी लावला होता आणि या सीनला रडले. गोव्याकडची कोकणी बोलणारी माणसं हे वाचून आत्ता कळलं की तो फ्रॉक त्यांच्या अंगावर उपरा का वाटत नाही. आमच्या म्हापशाच्या शेजारीणबाई अगदी अश्शाच चालायच्या, हात थोडे पुढे धरून.

'बिदाई'साठी फिल्मफेअर मिळालं ना? मला मात्र 'बॉबी'च आवडतो.

दिवाणखाना

हो, 'बिदाई' १९७४, सहाय्यक अभिनेत्रीचं. त्याआधी १९६८ ला पद्मश्री, आणि फाळके पुरस्कार १९८३ चा. 'द हाउसहोल्डर' पण बघा सुपारी, १९६३ चा, इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांचा पहिला सिनेमा, शशी कपूरची आई आहेत. सुनेच्या संसारात येऊन बसलेली सासू, कुरकुर, टोमणे, सगळं इतकं हलकं की हसू येतं आणि रागही येतो.

बोरकूट

'वागले की दुनिया' खरंच त्यांचं? मी लहानपणी पाठ केलेली सिरीयल ती!

रानजाई

बोरकूट, हो हो, दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स. आर. के. लक्ष्मण यांची कल्पना, कुंदन शहांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. त्यांची कंपनी फार आधीपासून होती, पन्नाशीच्या दशकापासून माहितीपट, जाहिरातपट काढायचे. म्हणजे बघा, पडद्यावर आई-मावशी चालू आणि इकडे ऑफिसात जाहिरातींची बिलं. मी सुरुवातीला हिशोब म्हणाले तो हा. पैशाने एकदा दगा दिला होता, परत द्यायचा नाही असं ठरवलेली बाई वाटते मला.

दुःख काही कमी नव्हती. धाकटा हरिन तरुणपणीच गेला. विजया मेहता म्हणजे हरिनची बायको, दुर्गाबाईंची सून, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मी_मुक्ता

आत्मचरित्र कोणी वाचलंय का? 'मी, दुर्गा खोटे'. मी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'नंतर लगेच वाचलं आणि तिथेच घोळ झाला. हंसाबाई सगळं सांगून टाकतात, दारू, पुरुष, फसवणूक, स्वतःचं वागणं, कशाची भीड नाही. दुर्गाबाई दाराची कडी लावून बोलतात. कामाबद्दल भरभरून, शांतारामांकडे काय शिकले वगैरे झकास, आणि घरातलं आलं की वाक्य आखूड होतं. मला आधी राग आला होता की बाई लपवतायत. नंतर वाटलं की आडनावाचा एकदा जाहिरातीत बाजार झालेला आहे, ती बाई पुन्हा कशाला देईल कुणाला काही. हे मी विरोधी पक्षात असून लिहितेय याची नोंद घ्यावी.

खवट_म्हातारा

नोंद घेतली. शांता गोखल्यांनी त्याचं इंग्रजी केलंय, ज्यांच्या मुलांना मराठी वाचायचा कंटाळा त्यांनी ते द्यावं.

टिंबकटू

लीला चिटणीसांचं 'चंदेरी दुनियेत' पण आहे ना याच पठडीतलं? आणि स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता'. म्हणजे त्या पिढीतल्या किती मराठी नट्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आत्ताच्या कोणी लिहीत नाहीत, नुसते इंटरव्ह्यू.

दिवाणखाना

टिंबकटू, एकदम मुद्द्याचं बोललास. त्यावर वेगळा धागा हवा खरं तर. शांता आपटेंपासून सुरू करायचा.

रानजाई

काढा की, मी प्रतिसादाला येतेच. तोवर ज्यांनी 'अमरज्योती' बघितला नसेल त्यांनी यूट्यूबवर हुडका, प्रिंट धूसर आहे आणि आवाज मध्येच खरखरतो, हेडफोन लावून बघा. पहिली दहा मिनिटं जरा कंटाळा येईल.

अस्सल_कोल्हापुरी

आणि 'अयोध्येचा राजा' मराठीतलाच बघा, हिंदी नको. टेंबेबुवांची हिंदी आमच्या कोल्हापूरची वाटते.

मी_मुक्ता

बघितला आत्ता 'अमरज्योती'. सौदामिनी भारीच आहे. पण शेवटाकडे येताना सगळं गुळमुळीत केलंय शांतारामांनी, एवढी पेटलेली बाई आणि शेवटी सगळ्यांचं लग्न, संसार, माया. रानजाई, यावर तू काहीच लिहिलं नाहीस ते?

रानजाई

कारण तुला लिहायला काहीतरी ठेवायचं होतं ना गं.